ओळ १४

२०२२ च्या फेब्रुवारीतली गोष्ट. रविवारची रात्र होती, मुलं झोपली होती आणि मी जेवणाच्या टेबलावर २०२१ चं टॅक्स रिटर्न भरत बसले होते. दहा वर्षं एका करसल्लागाराकडून भरून घेत होतो. त्या वर्षी पहिल्यांदाच सॉफ्टवेअर विकत घेऊन स्वतः भरायचं ठरवलं होतं. सगळं सुरळीत चाललं होतं. मग पडद्यावर प्रश्न आला: तुमच्या २०२० च्या ८६०६ फॉर्ममध्ये ओळ १४ वर किती रक्कम आहे?

मला वाटलं, जुनी फाइल उघडायची, आकडा बघायचा, टाकायचा. २०२० च्या रिटर्नची पीडीएफ उघडली. सत्तेचाळीस पानं. वरून खाली आणि खालून वर दोनदा चाळली. ८६०६ नावाचा फॉर्म त्यात नव्हताच.

आम्ही न्यू जर्सीत, एडिसनला राहतो. दोघंही नोकरी करतो. पैशाअडक्याचं सगळं माझ्याकडे असतं आणि त्याचा मला थोडा अभिमानही आहे, म्हणजे होता. त्या रात्री लॅपटॉप मिटून मी झोपायला गेले आणि नवऱ्याला काही बोलले नाही. दोन दिवस बोलले नाही.

आता मागे जायला हवं. आम्ही दोघं पूर्वी दर वर्षी थेट रॉथ आयआरए या निवृत्तीच्या खात्यात पैसे भरत होतो. आईला हे नाव कधी जमलं नाही, ती रॉथला रथच म्हणते. रॉथ हे खरं तर माणसाचं आडनाव. विल्यम रॉथ नावाचे डेलावेअरचे सिनेटर होते, त्यांच्या पुढाकाराने १९९७ च्या कायद्यात हे खातं आलं. पारंपरिक आयआरएमध्ये पैसे भरताना वजावट मिळते आणि म्हातारपणी काढताना कर लागतो. रॉथमध्ये उलटं. कर भरून झालेला पैसा आत टाकायचा, आणि खात्याला पाच वर्षं व आपल्याला साडेएकोणसाठ वर्षं पूर्ण झाल्यावर वाढीसकट करमुक्त काढायचा. बाबांना मी ‘आपल्या पीपीएफसारखं, फक्त भरताना सवलत नाही’ असं सांगितलं होतं, तेवढं त्यांना पटलं होतं.

पण रॉथला उत्पन्नाची मर्यादा आहे. २०१९ साली एकत्र रिटर्न भरणाऱ्या जोडप्याला १,९३,००० डॉलरपासून कात्री लागायची आणि २,०३,००० ला दार बंद. नवऱ्याला त्या वर्षी बढती मिळाली आणि आम्ही त्या दाराबाहेर गेलो. पारंपरिक आयआरएमध्ये भरावं, तर आम्हा दोघांनाही नोकरीत ४०१-के, म्हणजे कंपनीची निवृत्ती योजना, आहे. अशा जोडप्याचं उत्पन्न आमच्याएवढं असलं, की वजावट शून्य.

२०२० मध्ये रथसप्तमीच्या आसपास एका मैत्रिणीकडे हळदीकुंकू होतं. तिथे तिळगुळाबरोबर मला ‘बॅकडोर’ मिळालं. मैत्रीण म्हणाली, “अगं, समोरचं दार बंद आहे ना, मग मागून जा. पारंपरिकमध्ये वजावट न घेता सहा हजार भर, आणि आठवड्याने रॉथमध्ये कन्व्हर्ट कर. भरायला उत्पन्नाची अट नाही, कन्व्हर्ट करायलाही २०१० पासून नाही.” तिने सांगितलं ते शंभर टक्के बरोबर होतं. फॉर्मचं तेवढं राहिलं. तिचं रिटर्न तिचा नवरा भरतो, त्यामुळे तिला तो ठाऊकच नव्हता.

आमचं २०१९ चं रिटर्न फेब्रुवारीच्या शेवटी सल्लागाराने पाठवूनही दिलं. मार्चमध्ये सगळं बंद झालं, मार्केट कोसळलं आणि आम्ही घरात बसलो. हातात वेळ होता. मागच्या वर्षाचे पैसे एप्रिलच्या मुदतीपर्यंत भरता येतात, म्हणून मी माझ्या नावावर २०१९ साठी ६,००० आणि २०२० साठी ६,००० असे एकदम भरले. नवऱ्याच्या नावावर फक्त २०२० साठी ६,००० भरले. दहा दिवसांनी दोघांचंही रॉथमध्ये कन्व्हर्ट केलं. माझ्या खात्यात तोवर चार डॉलर व्याज आलं होतं, म्हणून माझे १२,००४ गेले, त्याचे ६,०००. वेबसाइटवर चार क्लिक लागल्या. मी स्वतःवर खूश होते.

इथे एक गाठ आहे, ती मला तेव्हा दिसली नाही. पैसे भरणं हे ‘त्या वर्षासाठी’ असतं. कन्व्हर्जन मात्र ज्या तारखेला केलं त्याच कॅलेंडर वर्षाचं. माझे पहिले सहा हजार २०१९ चे होते, म्हणून त्यांचा ८६०६ हा २०१९ च्या रिटर्नबरोबर जायला हवा होता. ते रिटर्न तर आधीच गेलं होतं.

२०२१ च्या जानेवारीत दोघांचे १०९९-आर, म्हणजे खात्यातून बाहेर गेलेल्या रकमेचे कागद, आले. माझ्यावर पहिल्या चौकटीत १२,००४. चौकट २-ए म्हणजे करपात्र रक्कम, तिथेही १२,००४. शेजारी २-बी मध्ये एक बारीक फुली, ‘करपात्र रक्कम ठरवलेली नाही’. या फुलीकडे कोणी बघत नाही. मीही बघितलं नाही. खातं सांभाळणाऱ्या कंपनीला हे ठाऊक नसतं, की आत गेलेला पैसा कर भरलेला होता की नव्हता. ती सगळीच रक्कम करपात्र असल्यासारखी लिहिते आणि फुली मारून हात वर करते. पुढचं आपण सांगायचं असतं, आणि ते सांगायची जागा म्हणजे ८६०६.

आम्ही ते कागद सल्लागाराला पाठवले. त्याने २-ए मधले आकडे उचलून रिटर्नच्या ४-बी ओळीवर टाकले. १२,००४ आणि ६,०००, मिळून १८,००४ डॉलर आमच्या उत्पन्नात वाढले. ज्या पैशावर पगारातून आधीच कर कापला गेला होता, त्याच पैशावर पुन्हा. परतावा कमी आला. मी म्हटलं, पगार वाढला, कर वाढला.

हे सगळं मला २०२२ च्या त्या रविवारनंतर, मंगळवारी रात्री आकडे मांडल्यावर कळलं. बुधवारी सकाळी चहा पिताना नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, “किती?” मी म्हटलं, “चार हजारांच्या वर.” तो काही बोलला नाही. उठून त्याने दुसरा चहा टाकला.

मग मी सल्लागाराला फोन केला, भांडायच्या तयारीनेच. तो शांतपणे म्हणाला, “तुम्ही वजावट न घेता पैसे भरलेत हे मला कुठे कळवलंत?” दर जानेवारीला तो एक प्रश्नावली पाठवायचा. त्याने आमच्या प्रश्नावलीचं स्कॅन मला पाठवलं. पान तीन, ‘या वर्षी आयआरएमध्ये रक्कम भरली का?’ पुढे माझ्याच अक्षरात आडवी रेघ. मला आठवलं, ती मी किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून भरली होती. फुलीकडे बघून त्याने एक प्रश्न विचारायला हवा होता असं मला अजूनही वाटतं. पण रेघ माझीच होती. दुरुस्तीचे तो वेगळे पैसे घेणार होता. मी म्हटलं, राहू दे, मी करते.

त्या आठवड्यात मी ८६०६ च्या सूचना वाचल्या. भाषा रुक्ष आहे, पण फॉर्म मुळात साधा आहे. बाबा सहकारी बँकेत कारकून होते. ते पासबुकावर नोंद झाली की नाही हे पेन्सिलीने टिंब करून बघायचे. ८६०६ म्हणजे तसं पासबुक आहे, फक्त ते बँक भरत नाही, आपण भरायचं. ओळ १ वर या वर्षी भरलेली, वजावट न घेतलेली रक्कम. ओळ २ वर मागच्या वर्षांची शिल्लक. आणि ओळ १४ वर पुढच्या वर्षाला न्यायची शिल्लक. या शिल्लकीला बेसिस म्हणतात. कर भरून आत गेलेला आणि अजून बाहेर न पडलेला पैसा. ही नोंद आपण नाही ठेवली तर आपल्यासाठी कोणी ठेवत नाही.

माझा २०१९ चा फॉर्म भरायला पाच मिनिटं लागली. ओळ १ वर ६,०००. ओळ २ वर शून्य. ओळ ३ वर ६,०००. त्या वर्षी काही काढलं नव्हतं, कन्व्हर्ट केलं नव्हतं, म्हणून तोच आकडा थेट ओळ १४ वर. संपलं. एवढ्यासाठी मी दोन रात्री जागले होते.

२०२० चा फॉर्म जरा मोठा. ओळ १ वर ६,०००, ओळ २ वर २०१९ कडून आलेले ६,०००, बेरीज १२,०००. ओळ ६ वर ३१ डिसेंबरला पारंपरिक खात्यात काय उरलं, शून्य. ओळ ८ वर कन्व्हर्ट केलेले १२,००४. शेवटी ओळ १८ वर करपात्र रक्कम, ४ डॉलर. चार! मी तो आकडा नवऱ्याला हाक मारून दाखवला. हाच फॉर्म मी २०१९ च्या फॉर्मशिवाय भरला असता, तर ओळ २ वर शून्य आलं असतं आणि निम्म्या रकमेवर कर बसला असता. म्हणून आधी जुनं वर्ष, मग नवं. आणि फॉर्म त्या त्या वर्षाचाच घ्यायचा. आयआरएसच्या, म्हणजे केंद्राच्या कर खात्याच्या, साइटवर जुन्या वर्षांचे फॉर्म मिळतात. २०२१ च्या कागदावर २०१९ लिहून चालत नाही.

माझं सुटलं म्हणून मी नवऱ्याचा फॉर्म हातात घेतला. दहा मिनिटांत होईल असं वाटलं होतं. ८६०६ नवरा-बायकोचा एकत्र होत नाही. रिटर्न एक असलं तरी हा फॉर्म ज्याचा त्याचा.

ओळ ६ वर अडकले. ३१ डिसेंबर २०२० रोजी तुमच्या सगळ्या पारंपरिक, सेप आणि सिम्पल आयआरए खात्यांची मिळून किंमत किती? मी विचारलं, “तुझं आणखी कुठे आयआरए आहे का?” तो म्हणाला, “नाही.” मग थोड्या वेळाने वरच्या खोलीतून आवाज आला, “ते जुन्या कंपनीचं धरायचं का गं?”

तो २०१४ साली नोकरी बदलून इकडे आला तेव्हा जुन्या कंपनीतलं ४०१-के त्याने रोलओव्हर आयआरएमध्ये टाकलं होतं. दुसऱ्याच कंपनीकडे, वेगळ्या लॉगिनमध्ये. २०२० च्या शेवटी त्यात होते ५४,००० डॉलर. सुटे डॉलर सोडून सांगते.

खाती वेगळी, कंपन्या वेगळ्या, तरी आयआरएसच्या लेखी हे सगळं एकच पातेलं. पातेलंभर ताकात चमचाभर मीठ घालून ढवळलं, की पहिल्या वाटीत फक्त मीठ काढून देता येत नाही. प्रत्येक वाटीत तेवढ्याच प्रमाणात मीठ येणार. त्याचे कर भरलेले ६,००० त्या ५४,००० मध्ये असे विरघळले. एकूण ६०,०००, त्यातले कर भरलेले दहा टक्के. त्याने ६,००० कन्व्हर्ट केले, तर त्यातले ६०० करमुक्त आणि ५,४०० वर कर. उरलेला ५,४०० चा बेसिस ओळ १४ वर पुढे जातो. बुडत नाही, पण अडकतो.

म्हणजे त्याच्या बाबतीत सल्लागाराने केलेली चूक फक्त सहाशे डॉलरची होती. बाकीचा कर खरोखरच लागत होता. नवऱ्याने विचारलं, “मग ते कन्व्हर्जन उलटवता येत नाही का?” पूर्वी येत असे. २०१७ च्या करकायद्याने ती सोय काढली, २०१८ पासूनच्या कन्व्हर्जनला परतीची वाट नाही. चार क्लिकमध्ये केलेलं काम आता कायमचं होतं. त्या क्लिक मी केल्या होत्या, त्याच्या लॉगिनमधून, त्याला न विचारता. हे त्याने मला ऐकवलं नाही. ऐकवलं असतं तर बरं झालं असतं.

दुरुस्तीचं रिटर्न म्हणजे १०४०-एक्स. २०२० साठी १८,००४ च्या जागी ५,४०४ दाखवले. फरक १२,६०० डॉलर, आमचा टप्पा २४ टक्के, म्हणजे ३,०२४ परत मिळायला हवे होते. सोबत त्या वर्षाचे दोन ८६०६, माझा आणि त्याचा. २०१९ साठी दुसरा १०४०-एक्स. त्यात कराचा एकही आकडा बदलला नाही, फक्त माझा राहिलेला ८६०६ जोडला. कारण लिहायच्या जागेत तीन वाक्यं लिहिली: मार्च २०२० मध्ये २०१९ साठी रक्कम भरली, वजावट घेतली नाही, रिटर्न आधीच गेल्यामुळे फॉर्म राहिला. ८६०६ न भरल्याचा दंड ५० डॉलर आहे, सबळ कारण असेल तर माफ होऊ शकतो. तेवढ्यासाठी एक साधं पत्र जोडलं. दंडाची मागणी आली नाही.

पुरावा काय जोडायचा, याची मला काळजी होती. तेव्हा ५४९८ सापडला. हा कागद आयआरए सांभाळणारी कंपनी उन्हाळ्यात पाठवते. तोवर सगळ्यांची रिटर्न भरून झालेली असतात, त्यामुळे तो कोणी उघडतच नाही. आमचा मुलीच्या जुन्या प्रगतिपुस्तकांच्या खाली होता. पाकीट न फोडलेलं. त्यात स्पष्ट छापलं होतं, २०१९ साठी ६,०००. त्याची प्रत जोडली.

दोन वर्षांची दोन वेगळी पाकिटं करावी लागतात, एकात घालायची नाहीत. दोघांच्या सह्या. पोस्टात जाऊन सर्टिफाइड मेलने पाठवली आणि हिरव्या पावत्या फ्रिजवर चुंबकाखाली लावल्या. परतावा मागायला साधारण तीन वर्षांची मुदत असते, आम्ही एका वर्षात पोचलो होतो. आणखी दोन वर्षं सल्लागाराकडेच जात राहिलो असतो तर हा प्रश्न मला कोणी विचारलाच नसता.

न्यू जर्सीचं वेगळं. आमचं राज्य आयआरएमध्ये भरलेल्या रकमेवर वजावट देतच नाही, कोणालाच. त्यामुळे केंद्राचा बेसिस आणि राज्याचा बेसिस वेगळे असू शकतात. ज्याने केंद्राकडे वजावट घेतली, त्याचाही पैसा न्यू जर्सीच्या लेखी कर भरलेलाच असतो. ४०१-के मधून आलेला पैसा मात्र इथेही करावाचून गेलेला. आमच्या बाबतीत दोन्हीकडचे आकडे योगायोगाने जुळले. राज्याच्या पुस्तिकेत आयआरएचा तक्ता आहे, तो भरून एनजे-१०४०-एक्स पाठवला. राज्याचे ८०२ डॉलर जुलैमध्येच आले.

याच काळात मी ज्या मैत्रिणीकडे हे शिकले होते तिला फोन केला, जरा रागातच. तर तिच्याकडे वेगळंच प्रकरण निघालं. तिच्या नवऱ्याने ४-बी वर शून्य लिहिलं होतं, ते बरोबरच होतं. पण ८६०६ जोडला नव्हता. आयआरएसच्या संगणकाला एका हातात १०९९-आर दिसला आणि दुसऱ्या हातात शून्य, मधलं काहीच नाही. त्यांना सीपी-२००० नोटीस आली, तीस दिवसांत उत्तर द्या, नाही तर हा एवढा वाढीव कर. तीन दिवस त्यांच्याकडे धड जेवण झालं नाही म्हणे. मग त्यांनी ८६०६ भरून उत्तरासोबत पाठवला आणि प्रकरण मिटलं. मी जास्त भरून गप्प बसले होते, त्यांनी बरोबर भरून नोटीस खाल्ली. राग कशाचा धरायचा?

आता नवऱ्याचे ५४,०००. २०२१ साठी त्याच्या नावावर आम्ही काही भरलं नाही. त्या पातेल्याचं काही तरी केल्याशिवाय पुन्हा बॅकडोर म्हणजे पुन्हा कर. उपाय एका सहकाऱ्याने सांगितला. नोकरीतलं ४०१-के ओळ ६ मध्ये धरत नाहीत. म्हणजे रोलओव्हर आयआरएमधला करावाचूनचा पैसा सध्याच्या कंपनीच्या ४०१-के मध्ये ढकलायचा. मात्र कंपनीची योजना बाहेरचा पैसा घेते का, हे आधी विचारावं लागतं. काही घेत नाहीत. नवऱ्याच्या कंपनीची घेत होती.

४०१-के मध्ये या वाटेने फक्त करावाचूनचा पैसा जाऊ शकतो. त्यामुळे कर भरलेले ५,४०० मागे ठेवून बाकीचं सगळं पाठवायचं. म्हणजे इथे, एकदाच, कायद्याने ताकातून मीठ वेगळं काढून मिळतं. हे वाचलं तेव्हा मी सूचनेचं ते पान छापून घेतलं.

योजनेच्या लोकांना पत्र हवं होतं, की येणारा सगळा पैसा करावाचूनचा आहे. रोलओव्हरवाल्या कंपनीने असं पत्र द्यायला नकार दिला, कारण बेसिस त्यांना माहीत नसतो. तीन फोन झाले, प्रत्येक वेळी नवा माणूस. शेवटी योजनेने सांगितलं, खातेदाराने स्वतः लिहून द्या आणि सोबत २०२० चा ८६०६ जोडा. मार्चमध्ये आम्ही भरला होता तोच. ओळ १४ वर ५,४००. तो कागद नसता तर आम्ही काय दाखवलं असतं?

ऑक्टोबरमध्ये चेक घरी आला. साध्या पांढऱ्या पाकिटात, दुकानांच्या कूपनांमध्ये. मार्केट पडलं होतं तरी पन्नास हजारांच्या वरचा. नवरा चेक बघून घाबरला. “आपल्याच घरी आला म्हणजे काढले असं धरतील का?” चेक नव्या योजनेच्या ट्रस्टीच्या नावाने होता, त्याच्या नावापुढे ‘यांच्यासाठी’ असं लिहिलेलं. तो थेट रोलओव्हरच धरतात. तरी आम्ही तो एक रात्रही घरी ठेवला नाही. संध्याकाळी पाच वाजायच्या आत कुरियरच्या दुकानात गेलो.

नोव्हेंबरमध्ये मागे राहिलेले ५,४०० आणि २०२२ साठीचे नवे ६,००० असे ११,४०० रॉथमध्ये नेले. खातं रिकामं झालं. मी डिसेंबरच्या सुरुवातीला उगाचच लॉगिन करून बघितलं, तर आत तीन डॉलर सतरा सेंट. महिनाअखेरीचं व्याज मागून येऊन पडलं होतं. ओळ ६ ला ३१ डिसेंबरची शिल्लक लागते, कन्व्हर्जनच्या दिवसाची नाही. तीन डॉलरने काही बिघडलं नसतं, अपूर्णांकात हरवले असते. पण मला ते तिथे बघवेना. तेही नेले. ख्रिसमसनंतर पुन्हा बघितलं आणि ३० तारखेला पुन्हा एकदा.

२०२२ च्या रिटर्नमध्ये त्याच्या नावावर दोन १०९९-आर आले. एकावर चौकट ७ मध्ये जी, म्हणजे थेट रोलओव्हर, कर नाही. दुसरा कन्व्हर्जनचा, त्यावर २, आणि तीच ओळखीची फुली. ८६०६ च्या ओळ १ वर ६,०००, ओळ २ वर ५,४००, ओळ ६ वर शून्य. कर तीन डॉलरवर. ओळ १४ शून्य.

आता मी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात त्या वर्षाचेच पैसे भरते आणि त्याच महिन्यात कन्व्हर्ट करते, म्हणजे दोन वर्षांची सरमिसळ होत नाही. भरल्याच्या आणि कन्व्हर्जनच्या पावत्या एका पिवळ्या फोल्डरमध्ये. ५४९८ आला की फोडून त्यातच. आणि सही करण्याआधी रिटर्नची ४-ए आणि ४-बी ही दोन घरं बघते. ४-ए वर मोठा आकडा, ४-बी वर शून्य किंवा किरकोळ. दोन्हीकडे सारखाच आकडा दिसला, की थांबायचं.

केंद्राचा चेक २०२३ च्या फेब्रुवारीत आला, अकरा महिन्यांनी. मी त्यांच्या साइटवर ‘प्रक्रिया सुरू आहे’ हे इतक्या वेळा वाचलं होतं, की पाकीट आलं तेव्हा आधी नोटीस आली असंच वाटलं. ३,०२४ डॉलर आणि वर व्याज, दोनशे चाळीसच्या आसपास.

बाबांना हे सगळं सुरुवातीला सांगितलं होतं. तेव्हा त्यांनी एकच विचारलं होतं, “अगं, पैसे तुझे, कर भरलेला, मग पुन्हा कर कसा घेतला?” मला नीट सांगता आलं नव्हतं. चेक आल्याचं कळवायला मी साताऱ्याला फोन केला.

“सगळे आले?”

“हो बाबा, सगळे.”

“आणि व्याज दिलं का?”

“दिलं.”

“मग ठीक आहे,” ते म्हणाले. त्या व्याजावरही कर भरावा लागतो, हे मी त्यांना सांगितलं नाही.